अडकलेले लॉक, फुगलेली झडप आणि दुपारी हटून बसणारी मूठ

प्रश्न : रत्नागिरीत समुद्रापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बेडरूममधील अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे लॉक गणपतीपासून उघडत नाही. त्याआधी दोन-तीन महिने झडप सरकवताना खालून खरखर आवाज येत असे. यजमानांनी लॉकमध्ये खोबरेल तेल घातले, नंतर पक्कडीने ओढून पाहिले. त्यात लॉकची मूठ वाकली, पण ते सुटले नाही. आता पूर्ण खिडकीच बदला, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : एवढ्यात मानू नये. आपल्या पत्रातील खरखर आवाजाचा उल्लेख मला सर्वांत उपयोगी वाटला, कारण दुखणे बहुधा लॉकमध्ये नसून तळाशी आहे. सरकत्या झडपेच्या खालच्या पट्टीत लहान चाके असतात. कारागीर त्यांना बेअरिंग म्हणतात. रुळात वाळू आणि धूळ साचली, की ही चाके फिरण्याऐवजी फरफटत जातात, एका बाजूने झिजतात आणि झडप तेवढी खाली बसते. लॉकचा आकडा ज्या खाचेत शिरायचा, ती खाच मात्र पूर्वीच्याच उंचीवर असते. एखाद्या दिवशी आपण जोर लावून खिडकी बंद करतो, आकडा कसाबसा आत शिरतो आणि झडपेचा भार त्याच्यावर येऊन तो असा दबतो, की आतल्या स्प्रिंगला तो मागे खेचता येत नाही.

म्हणून पक्कड बाजूला ठेवावी आणि दोघांनी मिळून काम करावे. एकाने दोन्ही तळवे झडपेच्या उभ्या पट्टीवर ठेवून ती वर उचलून धरावी आणि बंद होण्याच्या दिशेनेच चौकटीवर दाबावी. उघडण्याच्या दिशेने ओढण्याचा मोह सर्वांना होतो, पण त्याने आकडा अधिकच आवळतो. त्याच क्षणी दुसऱ्याने लॉकची कळ दाबावी. उचलण्याची उंची थोडी कमी-जास्त करत चार-पाच वेळा प्रयत्न केल्यास बरीच लॉके सुटतात.

खिडकी उघडल्यावर, झडप मोकळी असतानाच, लॉक पुन्हा चालवून पाहावे. ते आता सहज चालत असेल तर लॉक निर्दोष आहे आणि खर्च फक्त बेअरिंगचा आहे. मोकळ्या झडपेवरही ते अडत असेल तरच लॉक बदलावे. जुने लॉक काढून दुकानात सोबत न्यावे, कारण स्क्रूच्या दोन भोकांमधील अंतर जुळले नाही तर पट्टीला नवी भोके पाडावी लागतात आणि पातळ पट्टीत ती टिकत नाहीत. वाकलेली मूठ सरळ करत बसू नये. या मुठी अनेकदा ओतीव धातूच्या असतात आणि दुसऱ्यांदा वाकवताना तुटतात.

स्क्रू निघत नाहीत, ही समुद्राकाठची नेहमीची तक्रार. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत साधा लोखंडी स्क्रू असला आणि त्यावर खारट ओल बसली, की दोन धातूंमध्ये बारीकशी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. ती भुकटी स्क्रूला चौकटीत घट्ट धरून ठेवते. अशा वेळी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब टाकून रात्रभर थांबावे. सकाळी स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग तो आधी किंचित आवळून नंतर सोडवावा. नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि बसवताना त्यांना थोडे ग्रीस लावावे.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्टच लिहितो. कोकणात ते हाताशी असते, म्हणून कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूत ते ओतले जाते, परंतु कालांतराने ते चिकट होते, वाळू धरून ठेवते आणि थंडीत तर थिजते. लॉकमध्ये शिवणयंत्राचे तेल थेंबभर पुरते. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा प्रामुख्याने ओल हटवण्यासाठी असतो. अडकलेला भाग सोडवायला तो उत्तम, पण कायमचे वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. रुळात तर कोणतेच तेल घालू नये. तेथे जुना टूथब्रश फिरवावा आणि पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली लहान भोके काडीने मोकळी करावीत. बेअरिंग बदलण्यासाठी झडप उचलून बाहेर काढावी लागते. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून ग्रिल नसेल तर ते काम कारागिरावरच सोपवावे.

प्रश्न : वाईजवळच्या आमच्या जुन्या घरातील लाकडी खिडकी श्रावणात फुगली असून वरची कडी भोकात शिरत नाही. सुतार रंधा मारून द्यायला तयार आहे. मारून घ्यावा का?

उत्तर : आत्ता नको. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे श्रावणात तासलेली झडप मार्गशीर्षात आक्रसते आणि मधल्या फटीतून वारा येत राहतो. तूर्त झडपेच्या कडेला खडू घासून ती बंद करावी. चौकटीवर जेथे खडू उमटेल तेथेच ती अडते आहे, आणि तेवढ्याच जागी मेणबत्ती घासावी. दिवाळीनंतरही ती अडत असेल तर रंधा मारावा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवावी. कडीचे भोक थोडक्यात चुकत असेल तर कडी न हलवता भोकच गोल कानशीने मोठे करावे. जुन्या रंगाचे थर घासायचे असल्यास पॉलिश पेपर ओला करून घासावा, कारण जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते आणि त्याची कोरडी धूळ लहान मुलांसाठी घातक असते.

प्रश्न : पुण्यात आमच्या पश्चिमेकडील यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडकीची मूठ सकाळी नीट फिरते, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी अर्ध्यावर अडते. मूठ बदलू का?

उत्तर : सकाळी फिरणारी मूठ खराब नसते. यूपीव्हीसी उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. दीड मीटरची पट्टी २० अंशांनी तापली तर २ मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. मूठ फिरली, की झडपेच्या कडेतील लोखंडी पट्टी सरकते आणि तिच्यावरील छोट्या गोल खुंट्या चौकटीवरील पकडींत शिरतात. झडप थोडी उतरलेली असली, तर दुपारच्या त्या वाढीने खुंट्या पकडीच्या तोंडाशी अडतात. झडप हाताने उचलून मूठ फिरवून पाहावी. ती फिरली, तर बिजागऱ्यांतील समायोजनाचा स्क्रू अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) पाव-पाव फेरा फिरवून झडप वर घ्यावी आणि दर वेळी बंद करून तपासावी.

झडप उघडी असतानाही मूठ अडत असेल, तर मुठीखालचे झाकण किंचित उचलून आडवे फिरवावे. अनेक मुठींत दोन स्क्रू तेथेच दडलेले असतात. मूठ काढल्यावर ती हातात मोकळी फिरली, तर दोष लोखंडी पट्टी सरकवणाऱ्या आतल्या गिअरचा आहे आणि केवळ नवी मूठ घेऊन काही साधणार नाही. मात्र स्क्रू सोडवण्यापूर्वी झडपेची कड एकदा बारकाईने पाहावी. आत कलणाऱ्या आणि पूर्ण उघडणाऱ्याही खिडक्यांत, झडप उघडी असताना मूठ चुकून फिरू नये म्हणून तेथे एक छोटा खटका बसवलेला असतो. तो बोटाने दाबून धरला, की मूठ फिरते.