टायटॅनियमवर ॲनोडायझिंगचा (विजेने वाढवलेल्या ऑक्साइडचा) जाड थर दिला तर ते गंजायचं थांबतं का?

थोडा फायदा होतो. पण गरम खाऱ्या पाण्यात त्या थराच्या भरवशावर राहू नका.

टायटॅनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर मुळात आपोआप येतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. ओरखडा पडला तरी हवा किंवा पाणी लागताच तो भरून येतो. सगळी ताकद या भरून येण्यात आहे, जाडीत नाही. हेच मी एका केमिकल प्लांटच्या मेंटेनन्समध्ये असताना घसा कोरडा करून सांगत होतो.

गरम ब्राइनचा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, हीट एक्सचेंजर बदलायचा होता. मी ग्रेड 7, म्हणजे पॅलेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचा, मागितला. पर्चेसच्या साहेबांनी स्वस्त पडतो म्हणून साध्या टायटॅनियमचा ग्रेड 2 घेतला, त्यावर ॲनोडायझिंग करून घेतलं आणि मीटिंगमध्ये निळाशार नमुना सगळ्यांच्या हातात दिला. तो निळा काही रंग लावलेला नसतो. साधारण 30 व्होल्टला थर 50 नॅनोमीटरच्या आसपास जातो आणि प्रकाशामुळे निळा दिसतो, एवढंच.

पुढच्या शटडाउनला उघडलं तेव्हा मोकळा पृष्ठभाग निळाच होता आणि गॅस्केटखाली (जोडातून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या पट्टीखाली) खड्डे पडले होते. फटीत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड आत ओढलं जातं, पीएच 1 च्या आसपास उतरतो. त्या ॲसिडमध्ये थर एकदा विरघळला की पुन्हा धरत नाही, मग तो 5 नॅनोमीटरचा असो की 50. ग्रेड 7 मध्ये 0.12 ते 0.25 टक्के पॅलेडियम असतं, त्यामुळे तिथेही थर टिकून राहतो. रिपोर्टमध्ये मात्र ‘फिटरने गॅस्केट नीट बसवली नाही’ असं लिहिलं गेलं. ते मला आजही मान्य नाही. कितीही चांगल्या हाताने बसवा, गॅस्केटखाली फट राहतेच. तो फिटर विनाकारण बदनाम झाला.

ॲनोडायझिंग वाया जातं असं नाही. फॅब्रिकेशनमध्ये पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण त्याने निघतात, हायड्रोजन शिरणंही कमी होतं. थंड समुद्राच्या पाण्याला तर साधा ग्रेड 2 पुरतो. आणि हो, हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल तर ग्रेड 7 सुद्धा नको. कोरड्या क्लोरीनमध्ये टायटॅनियम चक्क पेटतं.

तुम्ही तापमान लिहिलेलं नाही. क्लोराइड आहे आणि 70 अंशांच्या वर जाणार असाल, तर ऑर्डरमध्ये ग्रेड 7 लिहा, मिल सर्टिफिकेटवरचा (धातू बनवणाऱ्या कारखान्याच्या दाखल्यावरचा) पॅलेडियमचा आकडा स्वतः वाचा आणि रंग बघून माल पास करू नका, समोर कितीही मोठा साहेब बसलेला असला तरी.