‘पेरिओडॉन्टायटिस’ नीट कसं म्हणायचं आणि या शब्दाची फोड काय?

आधी तुकडे पाडा: पे-रि-ओ-डॉन-टाय-टिस. सहा. इंग्रजीत मुख्य जोर पाचव्या तुकड्यावर, म्हणजे ‘टाय’वर येतो, पहिल्या ‘पे’वर हलकासा. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे इथे जीभ अडखळते. आर्थ्रायटिस, ब्राँकायटिस, हेपटायटिस... सगळीकडे जोर ‘आय’वरच, त्यामुळे एक जमला की बाकीचे जमतात.

आता फोड. ‘पेरि’ म्हणजे भोवती, ‘ओडोन्ट’ म्हणजे दात, ‘आयटिस’ म्हणजे दाह. दाताभोवतीच्या भागाचा, म्हणजे हिरडीचा आणि दात धरून ठेवणाऱ्या हाडाचा दाह. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही: ग्रीक ‘पेरि’ आणि आपला ‘परिसर’मधला ‘परि’ एकाच मुळाचे आहेत. ‘ओडोन्ट’ आणि संस्कृत ‘दन्त’ही तसेच. कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय घराण्यातल्या. त्यामुळे शब्दाचा दोन तृतीयांश भाग तुम्हाला आधीपासूनच येतो!

नुसती हिरडी सुजली असेल तर मात्र जिंजिव्हायटिस. घरोघरी ज्याला ‘पायोरिया’ म्हणतात, ते पेरिओडॉन्टायटिसचंच जुनं नाव. तेही ग्रीकच, अर्थ ‘पू वाहणे’.