हात बरा झाला, मग बाबा लिहीत का नाहीत?

पत्र थोडक्यात असं: "बाबा ६३ वर्षांचे, पंचायत समितीत कारकून होते, अक्षर अतिशय वळणदार. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. आता बोलणं जवळपास पूर्ववत आहे, उजव्या हाताने जेवतात, शर्टाची बटणं लावतात. पण 'पाणी' लिहा म्हटलं की 'पणी' लिहितात, नाहीतर नुसतं 'प' काढून थांबतात. सही मात्र झोकात करतात! भाऊ म्हणतो, ही नाटकं आहेत. त्याने अंकलिपी आणली, शिवाय रोज पेपरातली दोन पानं उतरवून घेतो. काल बाबांनी वही भिरकावली. काय करू?"

ताई, बाबा नाटक करत नाहीत, हे आधी भावाच्या कानावर घाला. बटण लावायला बोटांची सफाई पुरते. लिहायचं तर शब्द आठवावा लागतो, त्यातली अक्षरं आणि मात्रा क्रमाने डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, प्रत्येक अक्षराचं वळण आठवावं लागतं आणि मग हात चालतो. हात ठणठणीत असला तरी यातली एखादी कडी मेंदूच्या इजेने तुटू शकते. डॉक्टर याला अ‍ॅग्राफिया म्हणतात. सहीचं म्हणाल तर ती वर्षानुवर्षं करून एकच सलग हालचाल झालेली असते, तिथे अक्षरं जुळवावी लागत नाहीत. म्हणून ती बऱ्याचदा वाचते. तिच्यावरून बाकीच्या लिखाणाचा अंदाज बांधू नका.

कुठली कडी तुटली याचा अंदाज घरी अर्ध्या तासात येतो. दोन-तीन अक्षरी दहा शब्द निवडा, सोबत एखाद-दोन लांबलचकही घ्या. तेच शब्द आधी तुम्ही सांगा आणि बाबांना लिहू द्या, मग समोर ठेवून उतरवू द्या, आणि शेवटी पुठ्ठ्यावर कापलेल्या सुट्ट्या अक्षरांतून जुळवू द्या. उतरवणं नीट जमलं, पण सांगितलेलं लिहिताना आणि पुठ्ठ्यांनी जुळवतानाही चुकलं, तर शब्दाची अक्षरं आठवण्यातच अडचण आहे. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय जास्त वाटतो. पुठ्ठे बरोबर लागले आणि पेन हातात घेताच अक्षराचा आकार बिघडला, तर वळणाची आठवण गेली आहे. लहान शब्द येतात, पण 'ग्रामपंचायत'सारख्यांची मधली अक्षरं गळतात, असं दिसलं तर शब्द लिहून होईपर्यंत डोक्यात टिकत नाही. लिहिलेलं त्यांना स्वतःला वाचता येतं का, तेही बघा. जाताजाता साधी बेरीज, डावं-उजवं आणि बोटांची नावंही विचारा. या तीन आणि चौथं लिहिणं, अशा चार गोष्टी एकत्र बिघडू शकतात असं योझेफ गेर्स्टमान या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी गेल्या शतकात दाखवलं होतं. बाबांचा हिशेबही चुकत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा.

आता अंकलिपी कपाटात जाऊ दे. 'ग गणपतीचा' गिरवायला लावलं की जन्मभर कचेरीचे कागद लिहिलेल्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार भावाने केलेला नाही. शिवाय पेपर उतरवताना डोळा बघतो आणि हात काढतो, शब्द आठवायची वेळच येत नाही. पानं भरतात आणि सुधारणा होत नाही ती यामुळेच.

त्याऐवजी एका वेळी फक्त पाच शब्द घ्या, तेही बाबांच्या रोजच्या कामाचे: स्वतःचं नाव, गाव, चहा, गोळी, नातवाचं नाव. प्रत्येकासाठी एक कार्ड करा, वर चित्र किंवा फोटो आणि खाली ठळक शब्द. शब्द मोठ्याने म्हणायचा, बघून तीनदा लिहायचा, मग झाकायचा आणि फक्त चित्र बघून तीनदा आठवून लिहायचा. खरी मेहनत या झाकलेल्या भागात आहे. वेलांटी राहिली किंवा जोडाक्षर फुटलं तर 'आठवा, आठवा' करत ताटकळत ठेवू नका. शब्द उघडा, एकदा बघून लिहू द्या आणि पुन्हा झाका. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं पुरे. थकल्यावर चुका वाढतात आणि त्याच मुरतात. पाचपैकी चार शब्द सलग तीन दिवस बरोबर आले की नवे घ्या, पण जुने आठवड्यातून एकदा विचारत राहा.

सोबत स्पीच थेरपिस्ट हवाच. बोलणं सुधारलं म्हणून ते बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा, लिहिणं-वाचणंही त्यांच्याच कामात येतं. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वळण बिघडलेलं निघालं तर ऑक्युपेशनल थेरपिस्टही, म्हणजे हाताच्या रोजच्या कामांचा सराव करून घेणारे, लागतील. मोबाइलवर टाइप केल्याने वळणाचा प्रश्न टळतो, अक्षरं आठवण्याचा टळत नाही. पण कीबोर्ड सुचवतो त्यातला बरोबर शब्द बाबांना ओळखता आला, तर निरोप पाठवायला तो खुशाल वापरू द्या. बोलून टाइप करायलाही हरकत नाही. त्याने सराव बुडत नाही, फक्त तो वेगळ्या वेळी करा.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे संथ होते, पण थांबत नाही. पूर्वीसारखं लिहितील का, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बँकेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्यांच्या वतीने सही ठोकू नका. सही बदलली असेल तर नवा नमुना द्या. सही जमेनाशी झालीच, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. आणि आज जमलेलं लिहिणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. झटका रक्ताच्या गुठळीने आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

वहीत रोज तारीख घाला, पण खोडरबर देऊ नका आणि चुकलेली पानं फाडू नका. 'पाणी'चं 'पणी' झालं की 'पानी', यावरूनच थेरपिस्ट पुढचे शब्द ठरवतील.