सायकल सपाट रस्त्यावर आणि पन्हाळ्याच्या उतारावर किती वेगाने जाते?

शिरोळकडच्या सपाट रस्त्यावर साधी सायकल ताशी १५ ते १८ किमी आरामात जाते. रोड बाईक (बारीक टायरची, हलकी, वेगाची सायकल) आणि नियमित सराव असेल तर २५ ते ३०. त्यापुढे खरी लढाई वाऱ्याशी. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद जवळपास आठपट. म्हणून २५ वरून ३० वर जाताना दम निघतो. इटलीच्या फिलिपो गान्ना या सायकलपटूने २०२२ मध्ये ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किमी कापले, तेही अंग पूर्ण वाकवून, खास सायकलवर.

पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना पायडल न मारताही ४०-५० सहज लागतो. पण ५० ला सायकल सेकंदाला १४ मीटर पुढे जाते, हे ध्यानात ठेवा. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, रबर दाबणारा ब्रेक) सतत दाबून धरू नका. रिम तापते, ट्यूबचे पॅच सुटतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरते. निघण्यापूर्वी ब्रेकच्या रबरावरच्या खाचा बघा, बुजल्या असतील तर आधी रबर बदला. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेली कांडी आणि पाचटही जपून!