जादूगारच सगळं उरकतो!

प्रश्न : वाशीत दर रविवारी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचायचा खेळ खेळतो, २०१४ च्या नियमांनी. सगळे पाचव्या लेव्हलवर. विझार्ड (जादूगार) फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकून लढाई संपवतो, फायटर (योद्धा) खेळणारी मैत्रीण मोबाइल चाळत बसते. फायरबॉलचं नुकसान कमी करू का?

उत्तर : फायरबॉलला हात लावू नका. तुमच्याकडे बहुधा दोन मोठ्या विश्रांतींमध्ये (पात्रांची रात्रीची झोप, तिच्यात खर्च झालेले मंत्र परत मिळतात) एकच लढाई होते. खरा घोळ तिथे आहे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे फायरबॉलला लागणारे तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, दोनच; आर्केन रिकव्हरी या स्लॉट परत मिळवायच्या क्षमतेने फार तर आणखी एक. लढाई एकच असेल तर तो हात राखून का खेळेल? फायटरचे अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (स्वतःची जखम भरणं) मात्र तासाभराच्या छोट्या विश्रांतीत परत मिळतात. नियमपुस्तक दिवसाला सहा ते आठ लढाया धरतं. रविवारच्या बैठकीत ते कोण करणार! तीन-चार लढाया आणि मध्ये दोन छोट्या विश्रांती ठेवा. बैठक संपली तरी खेळातला दिवस संपवू नका, उरलेले स्लॉट पुढच्या रविवारी तसेच चालू ठेवा.

शत्रू घोळक्याने उभे करू नका. स्फोटाची त्रिज्या २० फूट. दोघे जिन्यावर, दोघे दाराआड, एक थेट फायटरच्या अंगावर. आणि मैत्रिणीला विचारा, तिला नेमकं काय करायला आवडेल? कदाचित लढाई नकोच असेल.