दांडपट्ट्याला कुठला डॅमेज?

प्रश्न: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) दांडपट्टा आणलाय. त्याचा डॅमेज (इजेचा प्रकार) कुठला धरायचा? आणि सांगाड्यांपुढे तलवारी निकामी ठरतात, हे खरं का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: दांडपट्टा म्हणजे लांब, लवचिक पातं, म्हणून स्लॅशिंगच (कापणारी इजा). लाँगस्वोर्डसारखा डी८ (आठ बाजूंचा फासा) द्या, पण दोन्ही हातांनी धरल्यावर मिळणारा डी१० देऊ नका. मूठ पोलादी खोळीत असते, दुसऱ्या हाताला जागाच नसते. त्या बदल्यात तो हातातून पाडता येणार नाही, मात्र हातातून काढायला एक पूर्ण ॲक्शन (पाळीतली कृती) लागेल, असं ठरवा. सौदा बरोबरीचा होतो.

सांगाड्यांचं म्हणाल तर गैरसमज आहे. त्यांना ब्लजनिंग (ठेचणारी इजा) दुप्पट लागतो. स्लॅशिंग कमी होत नाही, पुरता लागतो.

खरी गोची ब्लॅक पुडिंग या काळ्या, लिबलिबीत राक्षसाशी. स्लॅशिंगने त्याचा एकही हिट पॉइंट (जीव मोजणारा गुण) जात नाही, उलट मध्यम किंवा त्याहून मोठ्या आकाराचं आणि किमान १० पॉइंट उरलेलं असेल तर त्याचे दोन होतात. ४१ असतील तर २० आणि २०! पट्टा फिरवत राहिलात तर पटावर पुडिंगच पुडिंग. मग गदा घ्यावी, तर तीही गंजते: जादूविना धातूचं वा लाकडाचं शस्त्र प्रत्येक फटक्याला डॅमेजमधला १ गमावतं, उणे ५ झालं की संपलं. विजेनेही ते दुभंगतं आणि थंडीचा परिणाम होत नाही. त्यामुळे आमचा सल्ला एकच: लांब राहा, आग वापरा.