नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्याच्या बॉक्समध्ये छापील मॅन्युअल नाही. ते कुठे विकत मिळेल? आणि यूट्यूब असताना त्याची खरंच गरज आहे का?

गरज आहे. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मिरजेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांनी सुरू केलेला. बाबा सातवी शिकलेले. त्यांच्याकडे सेकंडहँड घेतलेला याशिका मॅट १२४ जी हा फिल्मचा कॅमेरा होता, १२० नंबरच्या रोलवर १२ फोटो देणारा. नुकताच घेतला होता तेव्हा एका मुंजीचा अख्खा रोल कोरा निघाला. फ्लॅश तर प्रत्येक वेळी लागलेला. बाबा कॅमेऱ्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन शेजारच्या सरांकडे गेले. दोघांनी डिक्शनरी घेऊन दोन संध्याकाळी ते वाचलं. लेन्सजवळ एक छोटा खटका असतो, त्यावर एम आणि एक्स. एम हे जुन्या फ्लॅशबल्बसाठी. बल्ब पूर्ण पेटायला वेळ घेतो, म्हणून त्याला इशारा शटर उघडण्याआधीच जातो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश एमवर लावला तर तो शटर उघडायच्या आत लागून विझतो. त्या पानावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, ‘नेहमी एक्सवर ठेवणे.’ खाली दोन रेघा. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं आहे, ते आजही माझ्या कपाटात आहे.

मी स्वतः शिकलो ते निकॉन डी९० वर. २००८ साली आलेला कॅमेरा, सोबत अडीचशेच्या वर पानांचं पुस्तक. मिरज-पुणे एसटीत बसून मी ते पहिल्या पानापासून वाचलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी दीड लाखाचा मिररलेस घेतला. बॉक्समध्ये वॉरंटी कार्ड, बॅटरीच्या सूचना सतरा भाषांत, आणि घडी घातलेला एक कागद. त्यावर मॅन्युअलचा क्यूआर कोड. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पुस्तकं वाचायचे दिवस गेले. व्हिडिओ बघ, अर्ध्या तासात सगळं कळतं.” मी बघितला. वीस मिनिटांचा होता आणि त्यात सांगितलेलं सगळं बरोबर होतं.

जतकडच्या एका गावात लग्न होतं. सकाळी पुण्याहवाचनाला गुरुजींच्या मंत्रांत शटरची खटखट नको म्हणून मी सायलेंट मोड लावला. दुपारी हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू झाली आणि फ्लॅश लागेना. सेल बदलले. हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच, रुमालाने पुसली. दुसरा फ्लॅश चढवला, तोही मेला. मेनूत फ्लॅशची ओळ करड्या रंगात, दाबली तरी उघडत नाही, का ते कुठे लिहिलेलं नाही. क्यूआर कोड स्कॅन करायला गेलो तर पत्र्याच्या त्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नाही. तेवढ्यात ‘तदेव लग्नं’ सुरू झालं. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची पातळी, वाढवून आहे त्या उजेडात फोटो मारले. अंतरपाट खाली आला त्या क्षणाचे माझ्याकडे सात फोटो आहेत, सातही फोटोंत नवरीच्या चेहऱ्यावरून आडवे काळपट पट्टे गेलेत. मुलीच्या वडिलांनी महिनाभराने फोन केला. रागावले नाहीत. फ्रेम करायला तोच फोटो हवा होता, एवढंच म्हणाले.

सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, म्हणजे पडदा न हलता सेन्सरच फोटो घेतो, आणि त्यावर बहुतेक मिररलेसमध्ये फ्लॅश बंद होतो. पट्टेही त्याचेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. अशा दिव्यांत मेकॅनिकल (पडद्याचं) शटर लावा आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. हे सगळं माझ्या कॅमेऱ्याच्या पीडीएफमध्ये आहे. एका पानावर, दोन ओळींत.

धाकटा अजून म्हणतो, “मग सर्च करायचं होतंस ना!” काय सर्च करणार? फ्लॅश बिघडलाय असंच मला वाटत होतं, मी फ्लॅशचंच काहीतरी शोधलं असतं. ज्या गोष्टीचं नाव ठाऊक नाही ती शोधता येत नाही. पुस्तक चाळताना ती गोष्ट गरज पडायच्या आधीच डोळ्यांखालून जाते. व्हिडिओवाला त्याला आवडलेलं दाखवतो. कशासोबत काय चालत नाही, हे फक्त मॅन्युअलवालाच लिहितो, कारण त्याला ते लिहावंच लागतं.

कंपन्या छापत नाहीत कारण छपाईचा खर्च, वजन, दहा देशांच्या भाषा, आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) बदललं की मेनूही बदलतो. शेवटचं कारण मला पटतं. बाकीची नाही. दीड लाख घेता, तर पुस्तक द्या.

विकत शक्यतो मिळत नाही. कंपनीच्या साइटवरून पूर्ण पीडीएफ उतरवा. ती पाचशे पानांच्या पुढे सहज जाते, सगळी छापू नका. फ्लॅश, शटरचे प्रकार, फोकस, बटणांना कामं नेमून देणं, आणि शेवटचं अडचणींचं प्रकरण, एवढंच झेरॉक्सवाल्याकडून ए५ आकारात काढून स्पायरल करा. बाकीची फाइल मोबाइलमध्ये ठेवा, रेंज नसतानाही उघडेल अशी.

काही कंपन्या पीडीएफऐवजी फक्त वेबपानं देतात, तिथे लागणारी पानं एकेक करून सेव्ह करावी लागतील. काही मोजक्या महागड्या मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक शटरवरही फ्लॅश लागतो, तेव्हा तुमच्या मॉडेलचं तपासा. आणि फाइल कोणत्या फर्मवेअरची आहे तेही बघून घ्या.

छापताना डावं पान कोरं ठेवायला सांगा. पेन्सिलीने लिहायला जागा लागते.